पोलीस ठाण्याला माहिती अधिकारात प्रश्न विचारू नका, कागद मागा

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगतो. बांधाच्या वादातून वडिलांना शेजाऱ्याने काठीने मारलं, हाताचं हाड मोडलं, ठाण्यात गेले तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली आणि घरी पाठवलं. आठ दिवसांनी लेखी अर्ज दिला, त्याला आता चार महिने झाले. मुलाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, त्यात विचारलं की माझ्या वडिलांच्या तक्रारीवर काय कारवाई केली, गुन्हा का दाखल केला नाही, जबाबदार अधिकाऱ्यावर काय कारवाई करणार. उत्तर एका ओळीचं आलं, "सदर प्रकरण तपासावर असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही." आता अपील करू का नवीन अर्ज टाकू?

दोन्ही करा. का ते नीट सांगतो, कारण पोलिसांकडून माहिती मागताना नव्वद टक्के लोक इथेच अडकतात आणि मग म्हणतात की पोलीस खात्याला हा कायदा लागूच होत नाही. लागू होतो. गुप्तवार्तासारख्या ज्या शाखा सरकारने कलम २४ खाली अधिसूचना काढून वगळल्यात त्या सोडल्या तर तुमचं साधं पोलीस ठाणं पूर्णपणे या कायद्यात येतं. मी १६ वर्षं हेच काम करतोय, बहुतेक तालुक्याच्या ठाण्यांमधलं, आणि माझा अनुभव असा आहे की नकार येतो तो बऱ्याचदा अर्जाच्या भाषेमुळे येतो.

पहिली गोष्ट, त्या "ज" चा घोळ समजून घ्या. कायद्याच्या मराठी प्रतीत पोटकलमं क, ख, ग, घ अशी आहेत, इंग्रजी प्रतीत ए, बी, सी, डी. त्यामुळे मराठीतला "ज" म्हणजे इंग्रजीतला "एच", तपासाला बाधा येईल अशी माहिती. आणि इंग्रजीतला "जे" म्हणजे मराठीतला "ञ", वैयक्तिक माहिती. लोक इंग्रजी प्रत उघडतात, "जे" वाचतात, आणि अपिलात वैयक्तिक माहितीवर दोन पानं लिहून येतात, नकार मात्र तपासाच्या कारणावरून दिलेला असतो. कधीकधी उत्तर देणारा कारकूनच गोंधळलेला असतो आणि कलम एक लिहितो, कारण दुसऱ्याचं देतो. तसं असेल तर तो मुद्दा अपिलात पहिल्या ओळीतच घ्या.

आता तुमच्या उत्तरातली खरी गंमत बघा, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तुमच्याकडे फक्त एनसी आहे. एनसी म्हणजे अदखलपात्र. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे (आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १५५ होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता लागू झाली) अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलिसांना मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय करताच येत नाही. मग "तपासावर आहे" म्हणजे नेमकं काय? एकतर मॅजिस्ट्रेटचा आदेश घेतलाय, तर त्याची तारीख आणि प्रत द्या. किंवा गुन्हा दाखल केलाय, तर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) सांगा आणि वडिलांना एफआयआरची प्रत द्या, कारण कलम १७३(२) प्रमाणे ती फिर्यादीला फुकट मिळायलाच पाहिजे. आणि हे दोन्ही नसेल तर तपास असा काही चालूच नाहीये, आणि जो तपास चालू नाही त्यात बाधा कशी येणार. फार तर ते म्हणतील की अर्जाची चौकशी चालू आहे, पण ठाण्याच्या भाषेत चौकशी वेगळी आणि तपास वेगळा, हे तिथला प्रत्येक हवालदार जाणतो. हे सगळं असंच्या असं अपिलात लिहा, कुठलाही राग न आणता.

आता तुमच्या मूळ अर्जात काय चुकलं ते. तुम्ही "का" विचारलंत. "गुन्हा का दाखल केला नाही" हा प्रश्न माणसाच्या मनातला अगदी बरोबर आहे, तुमच्या जागी मी असतो तर मलाही तोच पडला असता, पण या कायद्यात माहिती म्हणजे जे आधीच कागदावर, रजिस्टरमध्ये, कॉम्प्युटरमध्ये आहे ते. सुप्रीम कोर्टाने २०११ साली सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की माहिती अधिकाऱ्याने नवीन माहिती तयार करून द्यायची नसते, मत द्यायचं नसतं, असेल ते द्यायचं. त्यामुळे "का" आणि "काय करणार" याला उत्तर द्यायला तो बांधील नाही. पण "का" चं उत्तर ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो कागद द्यायला बांधील आहे. आणि पोलीस खात्यात असा कागद जवळपास नेहमी असतो, कारण हे खातं सगळं लिहून ठेवणारं खातं आहे.

म्हणून आधी कागद कसा फिरतो ते डोळ्यासमोर आणा. वडील त्या रात्री ठाण्यात गेले. ठाणे अंमलदाराने ऐकून घेतलं, स्टेशन डायरीला (ठाण्यातल्या रोजच्या घडामोडींची नोंदवही) नोंद घेतली, तिला नोंद क्रमांक आणि वेळ असते. हाताला लागलंय म्हणून सरकारी दवाखान्यात पाठवलं असेल तर सोबत मेडिकल यादी, म्हणजे जखमी माणसाला तपासा असं दवाखान्याला दिलेलं पत्र, दिली असणार, तिची नोंद ठाण्यात आहे आणि दवाखान्यात एमएलसी रजिस्टरला (पोलीस प्रकरणातल्या रुग्णांचं रजिस्टर) आहे. दवाखान्याने नंतर जखमेचा दाखला ठाण्याला पाठवला असेल तर तो आवक झाला असणार. एनसी लिहिली तिचा नंबर आहे, एनसी रजिस्टर आहे. नवीन संहितेच्या १७४ प्रमाणे अशा एनसींचा रोजच्या डायरीचा अहवाल दर पंधरा दिवसांनी मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा असतो, म्हणजे तोही कागद असायला हवा. मग तुम्ही लेखी अर्ज दिला, त्याला आवक नंबर पडला (तुमच्या पोचेवर शिक्क्याखाली लिहिलेला असतो, तो नंबर जपून ठेवा, सगळा खेळ त्या नंबरावर आहे). वरिष्ठांनी त्या अर्जावर शेरा मारून तो कुणाकडे तरी चौकशीला दिला, बीटच्या अंमलदाराकडे किंवा उपनिरीक्षकाकडे. त्याने जबाब घेतले असतील, समोरच्याला बोलावलं असेल, अहवाल लिहिला असेल. शेवटी अर्ज "निकाली" काढला किंवा "दप्तरी दाखल" केला आणि तुम्हाला तसं कळवल्याचं पत्र जावक झालं, किंवा झालं नाही. मारहाण चालू असताना घरच्या कुणी ११२ ला फोन केला असेल तर तिथे त्या कॉलची वेळ, कुठली गाडी पाठवली, ती किती वाजता पोचली आणि कॉल बंद करताना काय शेरा टाकला, हे सगळं सिस्टीममध्ये असतं, फक्त ते ठाण्यात मिळणार नाही, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे मागावं लागेल.

स्टेशन डायरीचं महत्त्व वेगळं सांगतो. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ ला ललिता कुमारी केसमध्ये सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, आणि अशा प्रत्येक खबरीची नोंद, मग त्यातून एफआयआर होवो की प्राथमिक चौकशी होवो, स्टेशन डायरीत आलीच पाहिजे. आता तुमच्या वडिलांचं हाड मोडलंय. हाड मोडणं म्हणजे कायद्याने "गंभीर दुखापत", भारतीय न्याय संहितेचं ११७(२), आणि ते दखलपात्र आहे. साधी मारहाण ११५(२) मध्ये बसते, ती अदखलपात्र. म्हणजे सगळा फरक त्या एका एक्सरेने पडतो, आणि स्टेशन डायरीत त्या रात्री "हाताला सूज, वेदना, दवाखान्यात रवाना" असं काही लिहिलं असेल तर ते तुमच्यासाठी सोन्यासारखं आहे. तसं लिहिलं नसेल तर तेही कळलं पाहिजे, कारण न लिहिणं हाही पुरावाच आहे.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बाईंची अशीच केस होती, सासरच्या माणसांनी घरात घुसून मारलं होतं, अर्जावर सहा महिने काही झालं नाही. माहिती मागितली तर "चौकशी चालू आहे." मग आम्ही प्रती न मागता अवलोकन मागितलं, म्हणजे त्या अर्जाची फाईल समोर बसून बघायची. हे फार कमी लोक वापरतात, आणि पहिल्या तासाला फी पण नसते. आम्ही दोघं गेलो, फाईल उघडली, त्यात चौकशी अहवाल होता की "अर्जदार यांना समक्ष बोलावून विचारपूस केली असता त्यांनी आपसात समझोता झाल्याचे सांगितले, त्यांची आता तक्रार नाही" आणि खाली त्यांची सही. बाई अंगठा लावतात, सही करताच येत नाही त्यांना. त्या जागेवर बसल्या बसल्या त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो एक कागद घेऊन आम्ही पोलीस अधीक्षकांकडे गेलो आणि पंधरा दिवसांत गुन्हा दाखल झाला. सहा महिने "कारवाई का केली नाही" विचारून जे झालं नाही ते त्या एका पानाने झालं. त्यामुळे तुम्हाला कुठला कागद आहे हेच माहीत नसेल तेव्हा अवलोकन मागा, मग बघून ठरवा कशाच्या प्रती हव्यात.

आता नवीन अर्ज कसा लिहायचा. महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे की एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांच्या आत. याची भीती बाळगू नका, कागद मागायला १५० शब्द भरपूर होतात, भाषण करायला कमी पडतात. जोडपत्र अ चा नमुना घ्या, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा (दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर त्याची प्रत जोडा, फी नाही), आणि माहितीच्या रकान्यात साधारण असं लिहा: "अमुक पोलीस ठाणे येथे दिनांक अमुक रोजी आवक क्रमांक अमुक अन्वये दाखल अर्जाच्या संदर्भात खालील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. एक, अर्जावरील वरिष्ठांच्या शेऱ्यासह अर्जाची प्रत. दोन, अर्ज चौकशी अहवाल, नोंदवलेले जबाब व टिपणी. तीन, अर्जदारास पाठवलेल्या पत्राची जावक नोंद. चार, एनसी क्रमांक अमुक ची प्रत आणि त्या दिवशीची रात्री अमुक ते अमुक या वेळेतली स्टेशन डायरी नोंद. पाच, अर्जदारास दिलेल्या मेडिकल यादीची स्थळप्रत व प्राप्त झालेला जखमेचा दाखला. तसेच संपूर्ण फाईलचे अवलोकन करू द्यावे. इतर व्यक्तींची नावे देता येत नसल्यास कलम १० प्रमाणे ती झाकून उर्वरित भाग द्यावा." बस. एवढंच. "भ्रष्ट", "संगनमत", "कर्तव्यात कसूर" हे शब्द इथे नको, ते नंतर तक्रारीत वापरा. माहिती कशाला हवी हेही लिहायची गरज नाही, कलम ६(२) प्रमाणे ते विचारता येत नाही.

बघा, यातला शेवटचा कलम १० वाला भाग लोक विसरतात. माहिती अधिकाऱ्याला पूर्ण नकार द्यायला सोपं जातं, कारण एखादं नाव किंवा साक्षीदार त्यात असतोच. तुम्ही आधीच लिहून दिलं की नावं झाकलीत तरी चालेल तर तो बहाणा संपतो.

अर्ज कुणाला द्यायचा हेही नीट बघा. बरेच जण "पोलीस निरीक्षक साहेब" लिहून देऊन येतात. बहुतेक ठिकाणी ठाण्याचा जन माहिती अधिकारी ठाणेदार नसतो, वरचा अधिकारी असतो, आयुक्तालयात साधारण विभागाचे सहायक पोलीस आयुक्त आणि अपिलाला पोलीस उपायुक्त, ग्रामीणमध्ये उपविभागीय पोलीस अधिकारी आणि त्यांच्या वर अधीक्षक किंवा अपर अधीक्षक. पण जिल्ह्याजिल्ह्यात फरक आहे, म्हणून ठाण्यातल्या बोर्डावर बघून घ्या, ते नाव-हुद्दा लावणं कलम ४ खाली त्यांच्यावर बंधनकारक आहे. सहायक माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज दिला तर मुदतीत पाच दिवस वाढतात, एवढंच. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून पण अर्ज जातो. मी स्वतः अजूनही स्पीड पोस्टाने पाठवतो आणि ट्रॅकिंगची प्रिंट काढून ठेवतो, कारण ३० दिवस कधी सुरू झाले हे सिद्ध करायला तोच कागद कामाला येतो. ३० दिवस उलटून गेले तर मग प्रती फुकट द्याव्या लागतात, एरवी पानाला दोन रुपये.

आता जुन्या नकारावरचं अपील. ते सोडू नका, उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करा, वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्यात एनसीचा मुद्दा पहिला, तो वर सांगितला. दुसरा मुद्दा, समजा खरंच तपास चालू असला तरी नुसतं "तपास चालू आहे" म्हणून नकार देता येत नाही. कलमाचे शब्द असे आहेत की माहिती दिल्याने तपासाच्या, अटकेच्या किंवा खटल्याच्या प्रक्रियेत अडथळा येईल. अडथळा कसा येईल हे त्यांनी दाखवायचंय. दिल्ली हायकोर्टाने डिसेंबर २००७ मध्ये भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या निकालात हेच सांगितलं की तपास चालू असणं एवढंच कारण पुरेसं नाही, माहिती उघड झाल्याने तपासाला बाधा कशी येईल याची समाधानकारक कारणं द्यावी लागतात. दिल्लीचा निकाल असला तरी देशभर माहिती आयोग त्याचा आधार घेतात, आपल्याकडेही घेतात. आणि तिसरं, कलम १९(५), नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी नकार देणाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही. एका ओळीच्या उत्तरात यातलं काहीच नाही, कारणं नाहीत, अपिलीय अधिकारी कोण तेही लिहिलेलं नसेल तर तोही दोष आहे, कलम ७(८) प्रमाणे ते लिहावंच लागतं.

मात्र प्रामाणिकपणे हेही सांगतो की ८(१)(ज) कधीकधी खरंच लागू होतं आणि लागू व्हायलाच पाहिजे. आरोपी फरार आहे, झडती व्हायचीय, साक्षीदाराचे जबाब अजून चालू आहेत, अशा वेळी कुणीही उठून केस डायरी (तपास अधिकारी रोजच्या तपासाची लिहितो ती डायरी) मागितली तर देऊ नये. केस डायरी तर आरोपीलाही सहसा मिळत नाही, संहितेतच तसं आहे, त्यामागे लागून वेळ घालवू नका. खबर देणाऱ्याचं नाव, ज्याच्यामुळे कुणाच्या जिवाला धोका होईल अशी माहिती, तीही मिळणार नाही, ते कलम ८(१)(छ). लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख तर मागूसुद्धा नये.

काही कागद असे आहेत की त्यांच्यासाठी माहिती अधिकाराची वाटच चुकीची. एफआयआर हवी असेल तर आधी महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर शोधा. सप्टेंबर २०१६ मध्ये यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायच्या. दोषारोपपत्र मात्र तसं नाही, जानेवारी २०२३ मध्ये सौरव दास केसमध्ये कोर्टाने सांगितलं की चार्जशीट सगळ्यांसाठी वेबसाइटवर टाकता येणार नाहीत. तुम्ही केसमधले पक्षकार असाल तर कोर्टात नकलेचा अर्ज करा, चार-आठ दिवसांत मिळते, आरटीआयपेक्षा लवकर. आणि गुन्हा दाखल झालेला असेल तर तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची हे नागरिक सुरक्षा संहितेच्या १९३ मध्ये आलंय, त्याचा हवाला देऊन साधं पत्र लिहा, त्याला ना स्टॅम्प ना नमुना. ठाण्याने ए समरी, बी समरी किंवा सी समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवली असेल (ए म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, बी म्हणजे खोटी तक्रार, सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची) तर त्याची नोटीस फिर्यादीला यायला हवी, आली नसेल तर लगेच कोर्टात जाऊन बघा, तिथे हरकत घेता येते.

वैयक्तिक माहितीच्या कलमात, म्हणजे "ञ" मध्ये, आता बदल झालाय तो लक्षात ठेवा. आधी त्यात सार्वजनिक कामाशी संबंध आणि व्यापक जनहित अशी चाळणी होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती काढून टाकली आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं, आता नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच कारण उरलंय. मला स्वतःला हा बदल अजिबात पटलेला नाही, कारण पोलिसांच्या जवळपास प्रत्येक कागदावर कुणाचं तरी नाव असतं. पण कलम ८(२) अजून शाबूत आहे, जनहित जास्त मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते, त्यामुळे जिथे "ञ" येण्याची शक्यता वाटते तिथे अर्जातच एका वाक्यात जनहित काय ते लिहा आणि नावं झाकायची तयारी दाखवा. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तर ते स्वतः तक्रारदार आहेत, त्यांचा स्वतःचा अर्ज, स्वतःचा जबाब, स्वतःचा जखमेचा दाखला, ही दुसऱ्याची वैयक्तिक माहिती होऊच शकत नाही. म्हणूनच नवीन अर्ज मुलाच्या नावाने न टाकता वडिलांच्या नावाने टाका, एवढ्या एका बदलाने अर्धे वाद मिटतात.

"अभिलेख उपलब्ध नाही" किंवा "फाईल मिळून येत नाही" असं उत्तर आलं तर गप्प बसू नका. कायद्याच्या सूट देणाऱ्या कलमांत फाईल हरवणं हे कारणच नाही. तेव्हा मागायचं ते असं, की सदर अभिलेख कुठल्या वर्गात येतो, किती वर्षं जपायचा असतो, नष्ट केला असेल तर नाश करण्याचा आदेश आणि नाश रजिस्टरमधली नोंद द्या. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहे, त्यात नियमबाह्य रीतीने अभिलेख नष्ट केले तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. माझा अनुभव आहे की या कायद्याचं नुसतं नाव अपिलात आलं की हरवलेली फाईल बऱ्याचदा सापडते.

पहिल्या अपिलाची सुनावणी लागली तर जा, पत्र पाठवून मोकळं होऊ नका. सोबत एक कागद न्या ज्यावर फक्त मागितलेले पाच कागद आणि प्रत्येकासमोर "मिळाला / नाही" एवढंच असेल. अपिलीय अधिकारी खात्यातलाच असतो, त्यालाही आपल्या माणसाला सांभाळायचं असतं, पण त्याच्यासमोर ठराविक पाच कागद ठेवले तर त्यातले तीन तो तिथल्या तिथे द्यायला सांगतो, हे मी कित्येकदा बघितलंय. त्याने ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नाही दिला किंवा पटला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे तारीख लागायला फार वेळ जातो, वर्ष वर्ष जातं, म्हणून मी म्हणतो की सगळं वजन अर्जात आणि पहिल्या अपिलात टाका. आणि एक, आयोगाकडे कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तक्रारीत दंड होऊ शकतो (दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००) पण माहिती द्या असा आदेश तक्रारीत मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ साली मणिपूरच्या केसमध्ये ते स्पष्ट केलंय. तुम्हाला कागद हवाय, तर अपीलच करा.

अर्ज गेल्यावर ठाण्यातून फोन येऊ शकतो, "या एकदा, बसून बोलू." जायला हरकत नाही, पण एकट्या वडिलांना पाठवू नका. तिथे "माहिती मिळाली, माझं समाधान झालं" असा कागद पुढे करतात, त्यावर हातात प्रती मिळाल्याशिवाय सही नको, आणि मिळाल्या तरी "अमुक पानं मिळाली" एवढंच लिहून सही करा. अर्ज मागे घ्यायचा दबाव आला तर त्याच दिवशी अधीक्षकांना ईमेल किंवा स्पीड पोस्टाने दोन ओळी कळवा, तारीख, वेळ, कुणी बोलावलं. आवाज चढवू नका. ठाण्यातले सगळेच वाईट नसतात, मला सगळ्यात जास्त मदत ठाण्यांमधल्या मुद्देमाल कारकुनांनी आणि महिला अंमलदारांनी केलीय, कुठलं रजिस्टर कुठल्या नावाने मागायचं हे त्यांच्याकडूनच शिकलो.

आणि हे लक्षात असू द्या की माहिती अधिकाराने गुन्हा दाखल होत नाही. त्यासाठीची वाट वेगळी आहे आणि ती थांबवून ठेवू नका. एक्सरे आणि दवाखान्याचे कागद लावून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना अर्ज पाठवा, तिथेही काही झालं नाही तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३) खाली अर्ज करा. जखमेच्या दाखल्याची प्रत दवाखान्याकडून वडिलांच्या नावाने वेगळी मागा, ठाण्याच्या उत्तराची वाट बघू नका. आरटीआयमधून जे कागद येतील ते या अर्जांना जोडत जा.

सगळ्यात घाईची गोष्ट मात्र सीसीटीव्ही. वडील त्या रात्री मोडका हात घेऊन ठाण्यात किती वाजता आले, किती वेळ बसवून ठेवलं, हे ठाण्याच्या कॅमेऱ्यात आहे. २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून रेकॉर्डिंग १८ महिने, आणि ते शक्यच नसेल तर कुठल्याही परिस्थितीत एक वर्षापेक्षा कमी नाही, इतकं जपायला सांगितलंय. तुमचे चार महिने गेलेत, म्हणजे ते असायला हवं, पण प्रत्यक्षात डीव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग चढत जातं. म्हणून उद्याच्या उद्या दोन कागद पाठवा, एक अधीक्षकांना साधं पत्र की अमुक तारखेचं रात्री अमुक ते अमुक वेळेतलं फुटेज जपून ठेवा, आणि दुसरा त्याच फुटेजचा स्वतंत्र माहिती अधिकार अर्ज, पेनड्राइव्हमध्ये प्रत मागणारा, कॅमेऱ्यांची जागा लिहून, मुख्य दरवाजा, ठाणे अंमलदाराची खोली आणि वऱ्हांडा. बाकीचा अर्ज आणि अपील दोन दिवसांनी गेलं तरी चालेल.